प्रकल्प नोंदी: विंडोज १० नंतर आमच्या सोसायटीतले घरचे संगणक

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबरला संपला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून एकच प्रश्न फिरतोय: मशीन चालू आहे, मग नवीन का घ्यायचं? प्रश्न रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या लालबागच्या इमारतीत लॉकडाउनमधल्या ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड घेतलेली यंत्रं घरोघरी आहेत, बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीतली. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकली आणि रॅम आठ जीबी केली, तर ती अजून काही वर्षं आरामात चालतील. धडधाकट यंत्र भंगारात द्यायला माझं मन तयार होत नाही.

समितीने अभ्यासिकेची मागची खोली शनिवार-रविवारी वापरायला दिली आहे. ज्यांना हवं त्यांनी मशीन आणावं, लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम टाकून देतो, पैसे नाहीत. मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, तेही प्रत्येकाला सांगायचं. कुणालाही घाईने ढकलायचं नाही.

माझी बाजू इथेच लिहून ठेवतो. मी ऑफिसात दिवसभर लिनक्सवरच काम करतो आणि मला ते मनापासून आवडतं. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतं. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. मग घरातल्या टेबलावर आल्यावरच ते का अडखळतं? लिनक्सच का, विंडोज सोडून जी जी सिस्टिम घरच्या संगणकावर बाहेरून येऊ पाहते, तिचं असंच का होतं? मशीन दुरुस्त करता करता याचं उत्तर शोधायचं आहे, म्हणून या नोंदी.

रविवार, २ नोव्हेंबर

आज फक्त तपासणी. मिंट २२.२, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहायचं, डिस्कला हात लावायचा नाही. आवाज, वेबकॅम, वाय-फाय, ब्लूटूथ, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटून पुन्हा उघडणं. बहुतेक गोष्टी काही न करता चालल्या. वेबकॅम तर सगळे चालले, कारण यूएसबी वेबकॅमसाठी एक सामाईक ठरलेली पद्धत आहे आणि कंपन्या ती पाळतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढे उपयोगी पडेल.

एका लॅपटॉपवर मात्र इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेजचा मोड ‘रेड’ होता, कारखान्यातून तसाच आलेला. तो ‘एएचसीआय’ केला की लिनक्सला डिस्क दिसते, पण मग आधीचं विंडोज सुरू होत नाही. म्हणून आधी विंडोजला सांगायचं की पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघड, मग बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायचं, मग नेहमीसारखं. आणि या सगळ्याच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहून ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची, नाहीतर घरातले सगळे फोटो कुलपात.

लॅपटॉपच्या मालकीणबाई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांनी हे घरी एकटीने का म्हणून करावं? विंडोजच्या बाबतीत हे काम कारखान्यात कुणीतरी आधीच उरकलेलं असतं. कुणाला ते काम म्हणून दिसतही नाही. बाहेरून येणाऱ्या सिस्टिमला मात्र ते प्रत्येक घरात, प्रत्येक यंत्रावर नव्याने करावं लागतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा पातळ लॅपटॉप. मिंट झकास चढलं, वाय-फाय नाही. लॅनचं पोर्टही नाही. म्हणजे ड्रायव्हर, चिप चालवणारा प्रोग्रॅम, उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर. काकांचा फोन यूएसबी केबलने जोडला, टेदरिंग चालू केलं, चिपचा क्रमांक काढला आणि कंपनीचा बंद, म्हणजे कोड उघड न केलेला, ड्रायव्हर बसवला.

मग सिक्युअर बूट आडवं आलं, ओळखीची सही नसलेला प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय. बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसते. म्हणून मिंट एक तात्पुरता पासवर्ड ठरवून घेतं. यंत्र पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा थोडा वेळ येतो, तिथे ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. काकांनी पडदा आल्याबरोबर एंटर दाबला आणि वाय-फाय पुन्हा गायब. यात काकांचं काही चुकलं नाही. इंग्रजीत, अनोळखी शब्दांत, यंत्र सुरू होतानाच काही विचारलं तर कुणीही पुढे जायचंच बटण दाबणार. दुसऱ्या वेळी शेजारी बसून करून घेतलं.

सिक्युअर बूट घराघरांत आलं ते २०१२ साली, विंडोज ८ च्या मशीनबरोबर. मदरबोर्डमध्ये मायक्रोसॉफ्टच्या चाव्या आधीच बसवलेल्या असतात. म्हणून लिनक्सचा सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, त्याला शिम म्हणतात, मायक्रोसॉफ्टकडून सही करून आणावा लागतो. बूट होतानाच शिरणारे व्हायरस खरे आहेत आणि त्यावर उपाय हवाच होता, हे मला मान्य आहे. पण दाराची चावी कुणाकडे असावी हे ठरताना घरमालकाला कुणी विचारलं नाही, हे तितकंच खरं.

ड्रायव्हरचंही तसंच. चिप बनवणारी कंपनी विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः लिहिते, कारण त्याशिवाय लॅपटॉप कंपनी ती चिप विकतच घेणार नाही. लिनक्सच्या वाट्याला काय येतं ते चिपवर अवलंबून. काही कंपन्या स्वतः लिहून थेट कर्नलमध्ये देतात, इंटेलचं वाय-फाय त्यामुळेच लगेच चालतं. काही कंपन्या बंद गठ्ठा देतात आणि पुढच्या कर्नलवर तो चालेल की नाही याची हमी देत नाहीत. काही ठिकाणी स्वयंसेवकांनी चिपचं वागणं निरखून निरखून, महिनोन्‌महिने खपून ड्रायव्हर लिहिलेले आहेत. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण चिप कुठली आहे हे लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलच्या दोन खेपांत ती वेगळी असू शकते.

डेबियन या लिनक्स प्रकल्पाने २०२२ मध्ये सभासदांचं मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून बंद फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारे प्रोग्रॅम, इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. फक्त खुला कोड द्यायच्या तत्त्वाला थोडी मुरड पडली, पण मला निर्णय पटतो. ज्याच्याकडे नेटच चालत नाही त्याला तत्त्व समजावून काय उपयोग?

रविवार, ९ नोव्हेंबर

छोटीशी गोष्ट. ज्या यंत्रांवर दोन्ही सिस्टिम ठेवल्या, तिथे मिंटमधून बाहेर पडून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून चालत आलेली रीत. लिनक्समध्ये एक सेटिंग बदललं की भागतं. लंडनमध्ये बसून चाचणी घेणाऱ्याला हिवाळ्यात ही अडचण कधीच दिसणार नाही, मुंबईत पहिल्याच दिवशी दिसते.

रविवार, १६ नोव्हेंबर

काकांचं वाय-फाय आठवडाभर व्यवस्थित चाललं. आज चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “एवढं चांगलं आणि वर फुकट, मग दुकानात लॅपटॉप याच्यासकटच का मिळत नाहीत?” सगळ्या प्रकल्पाचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला तेव्हा त्याच्यासाठी तीन सिस्टिम जाहीर झाल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेलं पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. पीसी-डॉस ४० डॉलरला, सीपी/एम-८६ जवळपास २४० डॉलरला. गिऱ्हाइकाने काय उचललं असेल ते सांगायला नको. डॉस घरोघरी गेलं, म्हणून प्रोग्रॅम डॉससाठी लिहिले गेले, म्हणून पुढच्या माणसाने डॉसच घेतलं.

नंतर परवान्याची पद्धत अशी आली की संगणक कंपनीने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, त्यावर डॉस टाकलेलं असो वा नसो. अशा वेळी दुसरी सिस्टिम कितीही स्वस्त असली तरी तिच्यासाठी वेगळे पैसे मोजायचे म्हणजे दोनदा पैसे भरणं. अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या १९९४ च्या तडजोडीत ही अट मायक्रोसॉफ्टला सोडावी लागली. पण तोवर दुकानं, शिकवणी वर्ग, पुस्तकं, दुरुस्तीवाले, सगळे एकाच बाजूला उभे राहिले होते. त्यानंतर जे जे आलं ते वरातीमागून घोडं.

आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीचंही ओएस/२ टिकलं नाही. ते तांत्रिकदृष्ट्या भक्कम होतं. विंडोज ३.१ चे प्रोग्रॅमही त्यावर चालत, आणि तेच त्याला नडलं असं मला वाटतं: विंडोजसाठी लिहिलेलं इथेही चालतंय म्हटल्यावर खास ओएस/२ साठी कोण लिहिणार? मायक्रोसॉफ्टवरच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांत याचा हिशेब आहे. ओएस/२ ऐन भरात असताना त्यावर सुमारे २,५०० प्रोग्रॅम होते आणि बाजारातला वाटा १० टक्के. विंडोजवर ७०,००० हून अधिक. लोक प्रोग्रॅमसाठी सिस्टिम घेतात आणि प्रोग्रॅम लिहिणारे लोक जिथे आहेत तिथे जातात. या चक्रात नव्याने शिरायला फटच नाही.

सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट बीओएसची. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी बी नावाची कंपनी काढली. त्यांची बीओएस ही सिस्टिम त्या काळच्या यंत्रांवर चटकन सुरू व्हायची आणि एकाच वेळी कित्येक व्हिडिओ न अडखळता दाखवायची. संगणक कंपन्यांना ती फुकट द्यायचीही त्यांची तयारी होती. हिताचीने एका मॉडेलवर विंडोजबरोबर ती घातलीही. पण यंत्र सुरू होताना दोन्हींतून निवड करायचा पडदा दाखवू दिला गेला नाही, परवान्याच्या अटी आड आल्या, असं बीचं म्हणणं होतं. म्हणजे सिस्टिम डिस्कवर आहे आणि मालकाला पत्ता नाही. २००१ मध्ये कंपनीची मालमत्ता पाम या कंपनीने १ कोटी १० लाख डॉलरला घेतली. बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, तो २००३ मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर घेऊन मिटला, मायक्रोसॉफ्टने कुठलीही चूक कबूल न करता. तोपर्यंत सिस्टिम संपलेली होती.

२००७ मध्ये असुसचा छोटा ई-पीसी लिनक्ससकट आला तेव्हा मी खूप आशेने त्याकडे पाहत होतो. मायक्रोसॉफ्टने अशा स्वस्त यंत्रांसाठी विंडोज एक्सपीची विक्री २०१० पर्यंत लांबवली आणि ते दालनही पुन्हा त्यांच्याकडे गेलं.

उलट बाजू पाहा. गूगलच्या सिस्टिमचं क्रोमबुक २०११ पासून विकलं जातंय, स्टीम डेक हा हातातला गेमचा संगणक २०२२ मध्ये आला. दोन्हींच्या आत लिनक्स आहे आणि वापरणाऱ्याला ते माहीतही नसतं. वाय-फाय चालतं, झाकण मिटलं की यंत्र झोपतं. कारण यंत्र आणि सिस्टिम एकाच छताखाली जुळवून बाहेर पडलेली आहेत. काकांना एवढंच सांगितलं: सिस्टिम वाईट म्हणून दुकानात नाही असं नव्हे, दुकानात नाही म्हणून तुमच्या लॅपटॉपवर तिला एवढी खटपट पडते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. एसएसडी, थर्मल पेस्ट आणि ज्या लॅपटॉपचं वाय-फाय कशालाच दाद देईना त्याच्यासाठी यूएसबी डाँगल घ्यायचा होता. डाँगल मागितला की वेग विचारतात, कंपनी विचारतात. आत चिप कुठली हे कुणालाच सांगता येत नाही, कारण खोक्यावर तसं लिहिलेलंच नाही. शेवटी एका दुकानदाराने खोकं उघडून काउंटरवरच माझ्या लॅपटॉपला लावून पाहू दिलं. भला माणूस. चालला, घेतला.

तिथेच जुन्या गप्पा निघाल्या. आपल्याकडे बिनविंडोजचे लॅपटॉप मिळतच नव्हते असं नाही. ‘डॉसवाला’ लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळायचा, कधी त्यात फ्रीडॉस ही डॉससारखी फुकट सिस्टिम असायची, कधी उबुंटू हे लिनक्स. गिऱ्हाईक तो घ्यायचं आणि बाहेर पडायच्या आत त्याच्यावर विंडोज टाकून मिळायचं, क्रॅकसकट, म्हणजे परवान्याचे पैसे न भरता. म्हणजे लिनक्स खोक्यातून आलं तरी घरापर्यंत पोहोचलंच नाही. परदेशी लेखांत लिनक्सचा मोठा गुण म्हणून ‘फुकट’ हा शब्द येतो. मुंबईत त्याला वजनच नाही, कारण इथे विंडोजही फुकटच पडत आलंय. मला वाटतं, आपल्या घरांत दुसऱ्या सिस्टिमचा रस्ता चोरीच्या प्रतींनी जितका अडवला तितका कुठल्याच जाहिरातीने अडवला नसेल. आणि त्यात आपण सगळे सामील होतो.

रविवार, ३० नोव्हेंबर

पहिल्या मजल्यावरच्या ताई घरून मराठी टायपिंगची कामं घेतात. लग्नपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं, मंडळांचे अहवाल, वकिलांचे कागद. बोटं रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली, पडद्याकडे न बघता टाइप करतात. त्यांचं मशीन सातव्या पिढीतलं, विंडोज ११ घेणार नाही.

मिंटमध्ये त्यांची एक जुनी फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची रास. त्यांच्या चेहऱ्यावरून रंगच गेला, फाइल खराब झाली असंच त्यांना वाटलं. खराब नाही झाली. १९९० च्या दशकात घरच्या विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, नव्हतं, विंडोज २००० पासून ते नीट येऊ लागलं. त्याआधी आपल्या लोकांनी मार्ग काढला तो असा: फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. फाइलमध्ये साठतं रोमन, दिसतं मराठी. इस्की नावाचं भारतीय प्रमाणक १९९१ मध्ये ठरलेलं होतं, पण फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येकाने तुकड्यांची मांडणी आपापली केली. त्याच युक्तीने मराठी छपाई तगली, हेही विसरता कामा नये.

रूपांतर करून पाहिलं. ‘विश्वस्त’ या शब्दात जुन्या फाइलमध्ये वेलांटी आधी आणि व नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये व आधी. ‘कार्यकारिणी’त उलट, जुन्या फाइलमध्ये रफार य च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. प्रोग्रॅमने ही अदलाबदल बरोबर केली तर शब्द सुटतो, नाहीतर रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. साधा मजकूर बराचसा नीट आला. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाडी’ या शब्दांतला अर्धा र मात्र दर ठिकाणी हाताने तपासावा लागला. ताईंनी स्वतः बसून तपासला, एकेका ओळीवर बोट ठेवून.

नव्याने टाइप करायची अडचण नाही. आयबस या मिंटमधल्या टायपिंगच्या सोयीत मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी आहे, फोनेटिक आहे, लोहित फॉन्ट आहे, ‘ऱ्हस्व’ आणि ‘ज्ञ’ सुरेख उमटतात. पण ताईंचं टायपिंगचं पॅकेज यूएसबीच्या कुलपावर, म्हणजे संगणकाला लावून ठेवायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालतं आणि त्या कुलपाचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमधून पॅकेज उघडायला घेतलं, ते कुलूप शोधत राहिलं. त्यांच्या बोटांतला रेमिंग्टन आणि मिंटमधला रेमिंग्टन यांच्यात जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या पडतात. आणि हे सगळं सोडवलं तरी छापखाना फाइल मागतो ती त्याच जुन्या फॉन्टात.

ताईंचं मशीन विंडोजवरच ठेवलं. वाढीव अपडेटची नोंदणी करून दिली, सगळ्या फाइलींची दुसरी प्रत काढली. मला खूप वाईट वाटलं. इथे लिनक्सचं काही अडलं नाही, विंडोजनेही काही अडवलं नाही. मराठी अक्षरंच एका यंत्रणेत कोंडली गेली आहेत, आणि ती सोडवायचं काम आपलं आहे, कुठल्या परदेशी स्वयंसेवकाचं नाही.

रविवार, ७ डिसेंबर

काल ६ डिसेंबर, दादरला चैत्यभूमीवर गेलो होतो, म्हणून काम आज.

प्रिंटरचा दिवस. आपल्याकडे घराघरांत असतो तो छोटा, काळा-पांढरा लेझर. स्वस्त का, तर त्याला पान समजतच नाही. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल यांसारखी भाषा जाणणारा प्रिंटर अक्षरं, रेषा, चित्रं स्वतः मांडून घेतो. हा नाही. याच्यासाठी ड्रायव्हर हा दुभाष्या असतो: संगणकावरच पानाचे ठिपके तयार करायचे आणि कंपनीच्या खासगी बोलीत यंत्राकडे धाडायचे. त्या बोलीचं व्याकरण कंपनीने कुठे छापलेलं नाही. एका कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, तोही बऱ्याच वर्षांपूर्वीचा, ३२ बिटच्या जुन्या लायब्रऱ्या, म्हणजे साहाय्यक प्रोग्रॅम, मागणारा. तो बसतो. पहिलं पान येतं. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला की मधला प्रोग्रॅम हरवतो आणि त्याला हाताने उठवावं लागतं. शाळेच्या प्रोजेक्टची पानं सकाळी सातला काढणाऱ्या आईला हे सांगायचं कसं? तिथे मिंट टाकलं नाही.

शेजारच्याच घरातला नवा वाय-फाय प्रिंटर मात्र मिंटने स्वतः शोधला आणि ड्रायव्हर न मागता छापायला लागला. कारण ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, फोनवरून छापता यायला हवं म्हणून कंपन्यांना एक सामाईक भाषा बोलणं भाग पडलं, आणि तीच भाषा लिनक्सच्या कप्स या छपाईच्या यंत्रणेला समजते. वेबकॅमचंही असंच होतं. वर्षानुवर्षं विनवण्या करून जे मिळालं नाही ते फोनमुळे मिळालं. बाहेरच्या सिस्टिमला जागा मिळते ती सामाईक नियम ठरतात तिथे. मला यात खरी आशा दिसते.

शनिवार, १३ डिसेंबर

संध्याकाळी अभ्यासिका रिकामी होती. देणगीत आलेल्या एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर हायकू चढवून पाहिलं. बीओएस संपल्यावर, २००१ पासून, काही लोकांनी ती सिस्टिम पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. पहिली बीटा आवृत्ती २०१८ मध्ये आली, पाचवी सप्टेंबर २०२४ मध्ये. इतकी वर्षं मूठभर माणसं हे नेटाने करत आहेत.

लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. खिडक्या उघडतात त्या हाताबरोबर, मागे रेंगाळत नाहीत. वाय-फाय चाललं, कारण नेटवर्कचे ड्रायव्हर ते फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टिमकडून घेतात. एवढ्या छोट्या गटाने प्रत्येक चिपचा ड्रायव्हर स्वतः लिहायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाही. ग्राफिक्स कार्डाची ताकद वापरता येत नाही, त्यामुळे व्हिडिओ सगळा प्रोसेसरवर. बँकेचं काम, ऑनलाइन वर्ग यांसाठी कुणाला देता येणार नाही.

आठवीतला एक मुलगा रात्री उशिरापर्यंत बाजूला बसून राहिला. त्याने विचारलं, याचा कोड बघता येतो का? येतो म्हटलं. लॅपटॉप त्याला ठेवू दिला.

रविवार, २१ डिसेंबर

एक घर परत विंडोजवर गेलं. मुलगी एका अर्जासाठी एक्सेलची मॅक्रोवाली, म्हणजे आत छोटे प्रोग्रॅम असलेली, फाइल भरत होती, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली, पण ‘तपासा’ हे बटण दाबल्यावर काहीच घडेना. रात्री साडेनऊला तिच्या वडिलांनी मला फोन केला, मी लोकलमध्ये कुर्ल्याला अडकलेलो. त्यांनी नाक्यावरच्या दुकानदाराला बोलावलं, त्याने फॉरमॅट मारून विंडोज टाकलं, अर्ज वेळेत गेला. वडिलांनी केलं ते योग्यच केलं. मुलीचा अर्ज महत्त्वाचा.

यातून मला जे दिसतं ते असं. विंडोज अडलं तर गल्लीत दहा माणसं आहेत: नाक्यावरचा दुकानदार, भाचा, ऑफिसातला सहकारी, सायबर कॅफेवाला. मिंट अडलं तर इमारतीत मी एकटा. चिप कंपनी, प्रिंटर कंपनी, फॉन्ट विकणारा, सरकारी फाइल बनवणारा, या सगळ्यांनी जे काम एका सिस्टिमसाठी केलंय आणि दुसरीसाठी केलेलं नाही, ते सगळं घरात लिनक्स टाकून देणाऱ्या माणसाच्या खांद्यावर येतं. एका माणसाच्या भरवशावर सिस्टिम टिकत नाही, तो कितीही तळमळीचा असो.

केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स कित्येक वर्षं टिकून आहे. तिथे त्यांनी शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्याच सिस्टिमवर बेतली, मल्याळम आधीपासून घालून दिलं आणि राज्यभर दुरुस्तीची व्यवस्था उभी केली. आपलं सीडॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे. घरापर्यंत ते आलं नाही, कारण त्याच्यामागे गल्लीतला माणूस नव्हता.

म्हणून आजपासून अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या दोन मुलांना आणि त्या आठवीतल्या मुलाला सोबत घेतलंय. पेनड्राइव्ह तयार करणं, चिप ओळखणं, निळ्या पडद्यावर काय निवडायचं, घड्याळाचं सेटिंग, डेटाची प्रत. मराठीत, चित्रांसह, एक पानभर सूचना त्यांनीच लिहिल्या. ‘एनरोल’च्या पडद्याचा फोटो सगळ्यात वर.

रविवार, ४ जानेवारी २०२६

आजची स्थिती. ज्या घरांत वापर म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग आणि थोडं टायपिंग, तिथे मिंट निवांत चालू आहे आणि तिथून फोनही येत नाहीत. काका आता स्वतः अपडेट करतात. शिक्षिकाबाईंकडे दोन्ही सिस्टिम आहेत, विंडोज फक्त निकालपत्रकासाठी उघडतात. ताई, शाळेच्या प्रोजेक्टवाली आई आणि अर्जवाली मुलगी विंडोजवर, तिघींचीही वाढीव अपडेटची नोंदणी झाली आहे.

पुढच्या खरेदीसाठी फलकावर सूचना लावली. प्रिंटर घेताना एअरप्रिंट किंवा तसंच सामाईक मोप्रिया आहे का ते दुकानात विचारा. लॅपटॉप घ्यायच्या आधी आमचा पेनड्राइव्ह सोबत न्या, दुकानदाराला लावून दाखवायला सांगा, वाय-फाय दिसलं तरच पैसे द्या. सोसायटीचं आणि मंडळाचं नवं कुठलंही मराठी काम फक्त युनिकोडमध्ये घेतलं जाईल, असा ठराव समितीपुढे ठेवला आहे. गिरगावातल्या एका छापखान्याने युनिकोड फाइल घ्यायची तयारी दाखवली आहे, ताईंनी त्यांना नमुन्याची चार पानं पाठवली.

पुढचा शनिवार: मंडळाच्या जुन्या अहवालांचं रूपांतर तपासणं, अर्ध्या र चे शब्द आधी. दोन लॅपटॉपमध्ये एसएसडी. शेजारच्या इमारतीतून विचारणा आली आहे, तिथे मुलं जातील, मी फोनवर.